बारावीनंतर पुढं कसं शिकायचं? सातारा-सांगलीच्या पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

निकाल लागला की ज्युनिअर कॉलेजच्या व्हरांड्यात, तहसीलच्या आवारात, नाहीतर थेट घरी येऊन लोक हे प्रश्न विचारतात. विचारणारे कोण? माण-खटावचे दोन एकरवाले, जतचे ऊसतोड करणारे, सांगलीच्या मार्केट यार्डातले हमाल, विट्यातले यंत्रमाग कामगार, घरकाम करणाऱ्या बायका. त्यांना समोर ठेवूनच उत्तरं लिहिली आहेत. योजनांच्या अटी आणि रकमा शासन निर्णयानं बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीची सूचना जरूर वाचा.

आमची ऐपतच नाही. मग कॉलेजचं नाव तरी कशाला काढायचं?

ऐपत नाही म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यापुढं फी असते. अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची फी आजही फार नाही, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीला योजना आहेत. खरी अडचण फीनंतर सुरू होते. राहायचं कुठं, जेवायचं काय आणि येण्याजाण्याचं कसं भागवायचं?

ही गोष्ट आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी ओळखली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला ती साताऱ्यात आणली. त्यांचा सगळा जीव गुंतलेला होता तो बोर्डिंगात. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही कमवा आणि शिका या पायावर. पोरगं वर्गात टिकायचं तर आधी त्याच्या ताटाची सोय लागते, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आज फी माफीच्या जाहिराती मोठ्या येतात, ताटाचं कुणी बोलत नाही.

मुलींचं शिक्षण मोफत झालंय ना? मग कॉलेज पैसे कशाचे मागतंय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त घोळही याच्यातच आहे.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, २०२४-२५ पासून, ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्या घरातल्या ईडब्ल्यूएस (खुल्यातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, तसंच आर्थिकदृष्ट्या मागास मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. निर्णय चांगला आहे, त्यात शंका नाही. पण त्यातले शब्द नीट पाहा: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, अनामत रक्कम, वसतिगृह, मेस, बस यातलं काहीच त्यात बसत नाही. म्हणून कॉलेजनं पावती मागितली की लगेच भांडायला उठू नका आणि निमूट पैसेही भरू नका. बाबनिहाय फीचा तक्ता मागा. शिक्षण शुल्काच्या रकान्यात तुमच्या मुलीच्या नावापुढं आकडा दिसला, तर मात्र विचारायचा हक्क तुमचा आहे.

आणखी दोन अटी. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. शिवाय खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. आपल्या भागात अभिमत विद्यापीठांच्या इमारती फार देखण्या आहेत. फॉर्म भरण्याआधी एवढंच विचारा, "हे अभिमत आहे का?" हो म्हणाले तर मोफतची गोष्ट तिथंच संपली.

मुलगा आहे, ओपनमधला. त्याला काय?

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे लोकांच्या तोंडातली ईबीसी. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पन्नास टक्के सवलत मिळते. एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलांनाही तेवढीच. कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना ती मिळते. तिसरा असेल तर आधीच हिशेब वेगळा धरा. आणि वर सांगितलेली कॅपची अट इथंही आहेच.

आम्ही एससी आहोत. कॉलेज म्हणतंय आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.

भरू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, एसटीलाही तेवढंच. त्यापेक्षा जास्त असेल तर एससी मुलांसाठी फ्रीशिप, म्हणजे फीची माफी आहे. पात्र मुलांकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये असं शासनानं कॉलेजांना बजावलेलं आहे. तोंडी वाद घालण्यापेक्षा प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा, पोच घ्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडं द्या. लेखी कागद समोर आला की बोलण्याचा सूर बदलतो.

मात्र एक जबाबदारी तुमच्यावरही येते. शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो, आणि आता पैसे कॉलेजच्या नाही, विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. त्यातला फीचा भाग सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. घरात नड असते, खात्यावर एकदम मोठी रक्कम दिसते, आणि बियाण्याला नाहीतर बहिणीच्या लग्नाला ती वापरली जाते. मग परीक्षेच्या वेळी हॉलतिकीट अडतं. ज्या दिवशी मेसेज येईल त्याच दिवशी फीचा भाग बाजूला काढा.

ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) मुलांना?

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचा दाखला असेल तर फीची सवलत आहे: व्हीजेएनटी आणि एसबीसीला पूर्ण शिक्षण शुल्क, ओबीसी मुलांना निम्मं. मुलींचं वर आलंच.

कागदपत्रं कोणती आणि कधी काढायची?

कधी हे आधी सांगतो, कारण कोणती ते सगळ्यांना ठाऊक असतं. जातीचा दाखला आणि डोमिसाईल दहावीच्या सुट्टीत. जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीत, निदान बारावीच्या पहिल्या सहामाहीत, कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर नवं आर्थिक वर्ष लागलं की लगेच, एप्रिलमध्ये. जूनमध्ये सेतूपुढं रांग लागते, सर्व्हर बसतो, आणि तलाठी भाऊसाहेब नेमके पंचनाम्याला गेलेले असतात.

प्रवेश पैशानं कमी आणि कागदानं जास्त अडतात, असं माझं मत झालंय. कागदही मोठ्या कारणानं नाही, बारीक गोष्टीनं अडतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी. एका कागदावर "बाळासो", दुसऱ्यावर "बाळासाहेब". मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव जोडून लिहिलेलं, शाळेच्या दाखल्यावर सुटं. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर नाव आधारप्रमाणं येतं आणि छाननी करणारा ते गुणपत्रिकेशी ताडून बघतो. म्हणून दहावीचा निकाल हातात आला की सगळे कागद एका ओळीत मांडून नावं वाचा, बोटानं एकेक अक्षर ताडून. फरक दिसला तर आधार दुरुस्त करा, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेतला बदल वेळखाऊ आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यात आणखी एक फसगत होते. रेशनकार्डासाठी एक आकडा, कर्जमाफीसाठी दुसरा, शिष्यवृत्तीला तिसरा, असं करू नका. आईची मजुरी, वडिलांची शेती, म्हशीचं दूध सगळं धरूनही बहुतेक घरं मर्यादेच्या बरीच आत असतात. खरा आकडा सांगितला तर लपवाछपवीची गरजच पडत नाही.

आमचं खातं गावच्या पतसंस्थेत आहे. चालेल का?

नाही. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यावर जमा होते आणि पतसंस्था ही बँक नव्हे. राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्ट पेमेंट बँकेत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर खातं काढा आणि काउंटरवर "डीबीटीसाठी आधार सीडिंग करा" असं स्पष्ट सांगून फॉर्म भरा, म्हणजे सरकारचे पैसे थेट जमा व्हायला आधार त्या खात्याला जोडलं जातं. नुसतं केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही.

पैसे सर्वांत शेवटी सीड केलेल्या खात्यावर जातात. मोबाईलचं सिमकार्ड घेताना दुकानदारानं कधीतरी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, आणि दोन वर्षांनी शिष्यवृत्ती तिथं जाऊन पडते. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" दिसतं. ते आजच बघा.

फॉर्म भरून सहा महिने झाले, पैसे आले नाहीत. कुठं चौकशी करू?

महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये अर्जाची स्थिती दिसते. कॉलेजच्या छाननीत अडकला असेल तर शिष्यवृत्तीच्या क्लार्ककडं जा. जिल्हा कार्यालयाच्या किंवा सहसंचालकांच्या डेस्कवर असेल तर क्लार्कच्या हातात काही नसतं, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला असेल तर मेसेज येतो, पण मेसेज जातो अर्जात दिलेल्या नंबरवर. तो नंबर सायबर कॅफेवाल्याचा असला तर? असे नमुने दरवर्षी भेटतात. नंबर घरचाच द्या, पासवर्ड वहीत लिहा. दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणजे पुढं आपोआप चालू राहतो असं नाही.

फीचं जमलं. राहण्या-जेवणाचं काय?

इथंच पोरं शिक्षण सोडतात. कॉट बेसिसवर खोली, तिचं डिपॉझिट, दोन वेळची मेस, जर्नल, सबमिशन, मोबाईलचं रिचार्ज. यातली एकही गोष्ट फी माफीत नाही आणि सगळ्याला पैसे रोख, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागतात.

पहिला पर्याय सरकारी वसतिगृह. समाजकल्याणची वसतिगृहं जिल्ह्याला आणि बऱ्याच तालुक्यांना आहेत. तिथं जागा नाही मिळाली तर निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. एससी आणि नवबौद्ध मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, एसटीला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मोठ्या शहरात शिकणाऱ्याला स्वाधारमधून वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, छोट्या शहरात रक्कम कमी होते. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यात जातीची नाही तर सातबाऱ्याची किंवा मजूर नोंदणीची अट लागते. वडील बांधकामावर असतील तर कामगार मंडळाची त्यांची नोंदणी आधी करून घ्या. त्या एका कार्डावर बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात.

सगळ्या भत्त्यांचा एकच दोष, ते उशिरा येतात. पहिल्या सहा महिन्यांची तजवीज स्वतःची हवी. मामाकडून, बचत गटातून, शेळी विकून, पण ती जूनच्या आधी ठरलेली असावी.

दुसरा पर्याय बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं उभी केली. ती परंपरा आपल्याकडंही आली, सांगलीत आणि मिरजेत समाजाच्या संस्थांची वसतिगृहं आहेत. त्यांची जाहिरात पेपरात येत नाही, जाऊन विचारावं लागतं. रयतच्या काही वसतिगृहांत आणि शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका आजही चालतं. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काही तास काम केलं की खर्चाला हातभार लागतो. त्यात कमीपणा कसला?

तिसरा पर्याय घरून ये-जा. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत पास मोफत. कराडला, विट्याला खोली करून राहणाऱ्या कितीतरी पोरांचा डबा आजही गावच्या पहिल्या एसटीनं येतो. झाकणावर नाव, पिशवीला सुतळी, आणि स्टँडवर आपला डबा उतरवून घेणाऱ्या पोरांचा घोळका. मेसचं बिल वाचवायचा तो पश्चिम महाराष्ट्राचा जुना मार्ग आहे.

जवळचं साधं कॉलेज बरं, का पुण्याचं नावाजलेलं?

पुण्यात सरकारी कॉलेज मिळत असेल तर जरूर जा, पोटाला चिमटा काढून जा. पण पुण्यातलं विनाअनुदानित आणि इथलं सरकारी किंवा अनुदानित यात निवडायचं असेल तर माझं मत सरळ इथल्या बाजूनं आहे. कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून आहे, सांगलीचं वालचंद १९४७ पासून. दोन्हीकडची पोरं चांगल्या कंपन्यांत गेली आहेत. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं, आणि आता साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय आहे. "पुण्याला शिकतो" हे पाहुण्यांत सांगायला बरं वाटतं, एवढ्याच कारणासाठी घरावर कर्ज काढू नये.

मिरजेचं आणखी एक सांगतो. १८९४ ला वॉनलेस हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हापासून ते दवाखान्यांचं गाव आहे. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपी शिकलेल्या मुलीला तिथं काम शोधत फिरावं लागत नाही. पालक मात्र एमबीबीएस नाहीतर काहीच नाही, अशा हट्टाला पेटतात.

एकजण म्हणतोय, "डोनेशन द्या, सीट पक्की करतो."

हात जोडा आणि निघा. खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यावर एक रुपयाही घ्यायला २०१५ च्या कायद्यानं मनाई आहे. शिवाय तशी सीट घेतली की वरच्या सगळ्या सवलती गेल्या.

मुलगी दहावीला आहे. अकरावी-बारावी न करता लवकर कमावती होईल असा मार्ग आहे का?

आहे, आणि गरीब घराला तो बहुतेक वेळा अकरावी सायन्सपेक्षा जास्त झेपतो. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा. कराडला आणि मिरजेला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआय, मग डिप्लोमा, मग डिग्री, आणि मध्ये कुठंही थांबून शिरवळला, कुपवाडच्या एमआयडीसीत नाहीतर किर्लोस्करवाडीला कामाला लागता येतं. सीईटीच्या क्लासचे पैसे वाचतात ते वेगळंच. मुलीला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही मिळू शकते. पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, उत्पन्न ८ लाखांच्या आत, वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

आठवीतल्या मुलासाठी आत्तापासून काही?

एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. मराठा-कुणबी मुलगा परीक्षा पास झाला पण त्या यादीत आला नाही, तर सारथी या सरकारी संस्थेची वर्षाला ९,६०० ची शिष्यवृत्ती आहे. शाळेनं फॉर्म भरले नाहीत तर मुख्याध्यापकांना जाऊन भेटा.

शैक्षणिक कर्ज काढावं का? बँक तारण मागते.

काढावं, पण अभ्यासक्रम बघून. सरकारी कॉलेजातल्या इंजिनिअरिंगला, नर्सिंगला कर्ज काढणं आणि कुठल्याशा खाजगी संस्थेच्या मॅनेजमेंट डिप्लोमाला काढणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज केंद्राच्या हमी निधीत बसू शकतं. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतो. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षणाच्या काळातल्या व्याजाची केंद्राची सवलत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी आली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला तर जामीनदार आणि तारण दोन्ही लागत नाहीत.

मॅनेजर तोंडी नाही म्हणाला तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा आणि नकार लेखी मागा. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर मात्र आधी ते सोडवा, कारण कर्जात वडीलच सहकर्जदार असतात.

पोरगा दहावीनंतर मामाकडं गलाईला जायचं म्हणतोय. शिकून तरी काय मिळणार?

खानापूर-आटपाडीकडं हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं कितीतरी दुष्काळी घरं वर आणली, केरळपासून दिल्लीपर्यंत आपली माणसं आहेत. जाऊ द्या. पण बारावीचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म, भरायला लावा. नंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.कॉम. करता येतं. धंद्यात उद्या जीएसटी, हिशेब, बँकेचं कर्ज हे सगळं त्यालाच बघायचंय.

पदवी झाली. आता पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करू?

घरी कमावणारं दुसरं कुणी आहे का? नसेल तर नको. असेल तर किती वर्षं आणि किती पैसे, हे आई-वडिलांसमोर बसून आधी ठरवा आणि ते पाळा. सदाशिव पेठेत तिशी ओलांडलेली हुशार पोरं "यंदा शेवटचा प्रयत्न" म्हणत बसलेली आहेत. तो अभ्यास वाईट नाही, जागाच थोड्या आहेत. बी.ई. झालेल्यांनी गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेकडं बघावं. एम.टेक.ला गेटवर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, म्हणजे पुढचं शिक्षण घरावर पडत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ला महिना ३७ हजार मिळतात. आपल्याकडच्या पोरांना हे कुणी सांगतच नाही.

दुसरीकडं नंबर लागला, पण पहिलं कॉलेज मूळ दाखले देत नाही.

मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. पडताळणी झाली की ती परत द्यायची असतात. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज मुदतीत द्या, पोच घ्या, आणि नाही ऐकलं तर विद्यापीठाकडं तक्रार करा.

घरात कुणीच शिकलेलं नाही. विचारायचं कुणाला?

ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या, आपल्यासारख्याच घरातल्या मुलाला. कुठल्या दाखल्याला किती दिवस लागले, कुठल्या मेसवाल्या काकू उधारी ठेवतात, कुठला क्लार्क सकाळी भेटतो, हे त्याला पाठ असतं. त्याच्यानंतर शिष्यवृत्तीचा क्लार्क, मग समाजकल्याण कार्यालय. जाताना सगळे मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स सोबत न्या, आणि सोमवारी जाऊ नका, गर्दी असते.